ओळखीचा वाघ

चंद्रपूरच्या माणसाला बाहेरगावी दोनच प्रश्न विचारतात. उन्हाळ्यात "किती डिग्री?" आणि एरवी "वाघ दिसतो का हो?" पहिल्याचं उत्तर खरं दिलं तरी चालतं. ४७ हा आकडाच असा आहे, की त्याला तिखटमीठ लावावं लागत नाही. दुसऱ्याचं मात्र खरं उत्तर देण्याची सोय नाही. "फारसा नाही दिसत" म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो आणि दुसऱ्यांदा चहा विचारला जात नाही. म्हणून मी या एका विषयात खरं बोलणं फार पूर्वीच सोडलं.

खरं सांगायचं तर वाघांचं आणि माझं जमत नाही. २०२२च्या गणनेत एकट्या ताडोबा-अंधारी प्रकल्पात ९७ वाघ भरले. सबंध जिल्ह्यात ते दोनशेच्या वर आहेत म्हणतात. इतके असूनही मी जिप्सीत बसलो, की सगळे एकदम रजेवर जातात. मोहर्लीचे काही गाइड मला आता चेहऱ्यानं ओळखतात आणि दुसऱ्या जिप्सीकडे बोट दाखवतात. आमच्या हिला, म्हणजे बायकोला, मात्र वाघ एसटीतूनसुद्धा दिसतो. एकदा मूलच्या गाडीतून, चिचपल्लीच्या अलीकडे, भर दुपारी रस्ता ओलांडताना दिसला. सारी एसटी उभी राहून बघत होती. खिडकीजवळ मी होतो, आणि मी पेपर वाचत होतो. पेपरात वाघाचीच बातमी होती.

पण हे आमच्या घरात राहिलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी 'वाघवाले'. पुणे, नाशिक, बंगळूर आणि एक न्यू जर्सी, एवढ्या पसाऱ्यात जंगलाच्या जिल्ह्यात राहिलेला मी एकटाच. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला जगात कुणी फारसं काही विचारत नाही. कधी कुणी लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासून घेतं, तेही छापून झाल्यावर. तेव्हा वाघाचं हे पद मी जिवापाड सांभाळत आलो होतो. कुणी वाघाचा फोटो टाकला, की खाली मी दोन ओळी लिहायचो. "उमदा नर. रुबाब बघा." एवढ्यावर माझं भागायचं. उमदा म्हणायला आणि रुबाब दिसायला पुरावा लागत नाही.

२०२५च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो व्हिडिओ आला.

तुम्हीही तो पाहिला असेलच. सीसीटीव्हीत दिसतं तसं फिकट, दाणेदार चित्र. विश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेला माणूस. अंधारातून वाघ येतो, माणसाला धरतो आणि ओढत घेऊन जातो. सोबतच्या मजकुरात ठिकाण दिलेलं, चंद्रपूर जिल्हा, ब्रह्मपुरी, वनविभागाचं विश्रामगृह. तारीखही होती, वेळही होती, तीसुद्धा मिनिटासकट. मिनिट दिलं की आपल्या लोकांना खात्री पटते. पंचांग बघून वाढलेली माणसं आपण.

पुण्याहून साडभाऊंचा फोन आला. "अहो, तुमच्याकडे काय चाललंय काय?"

तोवर मी व्हिडिओ उघडलाही नव्हता. पण 'वाघवाले' माणसानं "थांबा, बघून सांगतो" म्हणायचं तर मग पद कशाला? "हो, कालपासून इकडे तेच चाललंय," असं मोघम बोलून मी फोन ठेवला, व्हिडिओ पाहिला, आणि ग्रुपवर आवाजी संदेश पाठवला. तो लांबला. मुद्दे असे होते: वाघ नर आहे. वय चारच्या आसपास. आईपासून वेगळा होऊन स्वतःचा इलाका शोधणारे असे तरुण नर माणसांच्या वस्तीकडे सरकतात. पुढच्या उजव्या पायात किंचित लंगड दिसते, म्हणजे जुनी जखम असावी, म्हणून सोप्या भक्ष्याकडे वळला. आणि शेवटी, काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "ब्रह्मपुरी भागातला हा चेहरा माझ्या ओळखीचा वाटतो."

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. न्यू जर्सीच्या पुतणीनं तो संदेश तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आयुष्यभर वर्गात बोलून जे मिळालं नाही, ते त्या एका संध्याकाळी मिळालं. ही स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "पट्ट्यावरून ओळखला का मिशीवरून?"

मग वनखात्याचा खुलासा आला. अशी कुठलीही घटना घडलेली नाही. व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेनं, म्हणजे एआयनं, तयार केलेला आहे. विश्रामगृह खरं, गाव खरं, जिल्हा खरा. माणूस, खुर्ची आणि वाघ यांचा जन्मच झालेला नाही.

साडभाऊंचा पुन्हा फोन. आवाजात सहानुभूती होती, तीच जास्त लागली. "मग साडू, तुमच्या ओळखीचा तो कोणता?"

माझा भाचा नागपुरात शिकतो आणि शनिवार-रविवार आमच्याकडे येतो. त्यानं मला सगळं समजावलं. एक वाक्य लिहून दिलं की हल्ली यंत्र व्हिडिओ करून देतं. त्यात सीसीटीव्हीचं सोंग सगळ्यात सोयीचं, कारण चित्र मुळातच धुरकट असतं. बोटं जुळली नाहीत, सावली उलटी पडली, तरी आपण कॅमेऱ्याला दोष देतो. "मामाजी, तुम्ही जी लंगड पाहिली ना, ती यंत्राची चूक होती. त्याला पाय मोजता येत नव्हते." मी तिला जुनी जखम म्हटलं होतं.

हेच शास्त्र आमच्याच जिल्ह्यात उलटं कामाला लावलंय, हेही त्यानंच सांगितलं. मोहर्लीकडच्या सीतारामपेठला २०२३मध्ये गावाच्या कडेला एआयचे कॅमेरे बसवले. 'आभासी भिंत' म्हणतात तिला. वाघ गावाकडे येताना दिसला, की कॅमेरा ओळखतो आणि इशारा देतो. म्हणजे एका यंत्राला वाघ ओळखता येतो, दुसऱ्याला बनवता येतो. मला दोन्हींतलं काही येत नाही, हे तोवर दोन खंडांत सिद्ध झालं होतं.

आता यावर शहाण्या माणसानं महिनाभर गप्प बसावं. पण मला वाटलं, आपली पत परत मिळवायची तर ब्रह्मपुरीला जाऊन, त्या विश्रामगृहाजवळ उभं राहून, खरं काय ते व्हिडिओत सांगावं. लोकांना सत्य हवं असतं. ते कुणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे. असं मी त्या सकाळपर्यंत मानत होतो.

भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून निघालो. चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, मधे मधे धानाच्या बांध्या. कापणीला आलेला धान पिवळा पडला होता, आणि त्या रंगात वाघ बसला तर दिसणार नाही, हे मला दर वळणावर वाटत होतं. भाचा मात्र एका हातानं गाडी चालवत दुसऱ्या हातानं रस्त्याचा व्हिडिओ घेत होता. "बी-रोल," म्हणाला. मी म्हटलं, आधी रोड बघ.

सिंदेवाही आलं तसा मी गप्प झालो. १० मे २०२५ला याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघिणीनं मारलं. त्याआधी सीटी-१ नावाचा वाघ गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून तेरा माणसं मारून ऑक्टोबर २०२२मध्ये वडशाच्या जंगलात पकडला गेला. याचे व्हिडिओ नाहीत. तेंदूच्या जंगलात सीसीटीव्ही नसतो. आमच्या ग्रुपवर त्या मे महिन्यात काय आलं होतं, ते मी बोट वर सरकवत सरकवत शोधलं. त्या आठवड्यात आंबेडाळीची एक पाककृती होती, कुणाचा तरी दहावीचा निकाल होता आणि वाघिणीचा पाणी पितानाचा एक सुंदर फोटो होता. खाली मी लिहिलेलं होतं, "रुबाब बघा."

ब्रह्मपुरीत एका टपरीवर चहाला थांबलो. बाहेरची गाडी आणि ट्रायपॉड बघून टपरीवाल्यानं ओळखलं.

"वाघवाल्या व्हिडिओसाठी आले का जी?"

मी जरा ताठ होऊन "हो" म्हटलं.

"लय लोक येऊन गेले. रक्त कुठं सांडलं, दाखवा म्हनते. आता नाईच सांडलं तं कुठून दाखवू? एक जन तं मलेच म्हने, तुमी पाहिलं म्हना, पाचशे देतो."

"मग?"

"मी म्हटलं, हजार दे." मग तो हसला. "मजाक केली जी. पन तो खरंच विचारात पडला."

मी त्याला विचारलं, की इथल्या लोकांनीही पहिल्यांदा व्हिडिओ खरा मानला का? तो कपबशी धूत म्हणाला, "मानावंच लागते ना. खोटा समजून शेतात गेलो अन् खरा निघाला तं? खरा समजून घरी रायलो अन् खोटा निघाला, तं एक दिवसाची मजुरी गेली फक्त." मग थोडं थांबून, "पन खरा वाघ खुर्चीवरच्याले नाई नेत जी. तो वाकलेल्याले नेते."

माझ्या त्या लांबलचक आवाजी संदेशात एवढं एक वाक्य असतं, तर तो संदेश ठेवण्यासारखा झाला असता. धान कापणारी, तेंदू तोडणारी, मोह वेचणारी माणसं वाकलेली किंवा उकिडवी असतात. वाघाला ती चार पायांच्या जनावरासारखी दिसतात. जाणकार हेच सांगत आलेत. पुण्यात तो व्हिडिओ जेवण झाल्यावर बघायची गोष्ट होती. इथं तो मजुरीचा हिशोब होता. मी दोन्हीकडच्या मधे, मोबाईल धरून.

ताडोबात गाइड लोक वाघ डोळ्यांनी शोधत नाहीत, कानांनी शोधतात. वानर खेकसलं, चितळ ओरडलं तर जिप्सी थांबते, पण गाइड लगेच विश्वास ठेवत नाही. चितळ बिबट्यालाही ओरडतं, रानकुत्र्यालाही ओरडतं, कधी उगीचही. पण सांबरानं 'ढाँक' केलं, की ड्रायव्हर न विचारता गाडी वळवतो. सांबर सहसा वाघ बघूनच ओरडतं. आमच्या ग्रुपवर सगळी चितळं आहेत, आणि चितळांचीही एक गोष्ट बरी, की ओरडणाऱ्याची मान त्याच जंगलात असते. आमच्यातल्या एकाचीही नव्हती. न्यू जर्सीतून ओरडायला काय जातं?

तर व्हिडिओ. मी विश्रामगृहाच्या रस्त्यावर उभा राहिलो. पांढरा सदरा, जाकीट. "नमस्कार. मी एक निवृत्त शिक्षक—"

"कट," भाचा म्हणाला. "मामाजी, नमस्कार म्हणेपर्यंत लोक निघून जातात. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी भयानक पाहिजे."

"भयानक काही झालंच नाही, हेच तर सांगायचंय."

"ते शेवटी सांगा ना."

मी ऐकलं नाही. पूर्ण वाक्यांत, विरामचिन्हांसकट, क्रमानं सांगितलं: व्हिडिओ कसा आला, खुलासा काय आहे, खरे हल्ले कुठे आणि कुणावर होतात. मला तो आवडला. संध्याकाळी टाकला. रात्रभर मी मोजत होतो. सकाळपर्यंत जेवढ्यांनी पाहिला, तेवढी माणसं आमच्या चाळीच्या जिन्यावर मावली असती, आणि त्यांत बरेच वेळा मीच होतो. त्या ॲपला खरं-खोटं कळत नाही, भाच्यानं समजावलं. बोट थांबलं की नाही, एवढंच त्याला कळतं. जिथं जास्त बोटं थांबतात, ते ते आणखी लोकांपुढे नेऊन वाढतं. माझ्याजवळ बोट थांबत नव्हतं. वर्गातही थांबत नव्हतं, पण तिथं दाराला कडी होती.

दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी मीच भाच्याला फोन केला. "ते तीन सेकंदांचं काय म्हणत होतास?"

माणूस किती पटकन घसरतो, हे मी शिकवलेल्या अनेक धड्यांत होतं, पण परीक्षेत त्यावर प्रश्न आला नव्हता. आम्ही सुरुवातीला फक्त एक डरकाळी घातली. नुसता आवाज. मग भाचा म्हणाला, मथळा पाहिजे. "ब्रह्मपुरीत त्या रात्री काय घडलं?" मी म्हटलं, हा तर प्रश्न आहे, खोटं कुठं आहे यात? मग पुढे "शेवटपर्यंत बघा" आलं. मग माझं "मी इथं उभा आहे, त्या ठिकाणी, जिथं..." हे वाक्य 'जिथं'वर तोडून अगदी पुढे आणलं, म्हणजे उत्सुकता ताणते. मूळ वाक्य 'जिथं काहीही घडलेलं नाही' असं होतं. व्याकरणाच्या माणसाला माहीत असतं, की नकार क्रियापदाजवळ बसतो आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपली भाषा या धंद्याला इतकी सोयीची असेल, असं मला वाटलं नव्हतं.

चालला. बघता बघता हजारांत गेला. मी सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघू लागलो. ही म्हणाली, "पेन्शनच्या खात्याकडे कधी एवढं पाहिलं नाही तुम्ही." कुणीतरी, कुठलं तरी पान चालवणाऱ्यानं, आमच्या व्हिडिओचे पहिले बारा सेकंद कापले, त्यापुढे तो मूळचा बनावट वाघ जोडला आणि वर लिहिलं, 'निवृत्त शिक्षकानं सांगितला डोळ्यांदेखतचा थरार.' डरकाळी होती. मी होतो. जाकीट होतं. 'जिथं...' होतं. आणि लगेच वाघ.

तो लाखांत गेला.

साडभाऊंचा फोन आला तेव्हा ते रागावलेले होते. "तुम्ही प्रत्यक्ष तिथं होतात आणि आम्हाला बोलला नाहीत?" मी शपथेवर सांगितलं, की मी नव्हतो, काही झालंच नव्हतं. ते म्हणाले, "दडपण आहे का तुमच्यावर?" एक जुना विद्यार्थी वनरक्षक आहे, त्यानं फोन केला. तो बिचारा अजूनही मला भितो. "सर, चिडू नका जी, पण आम्हाले दिवसभर फोन येऊन रायले. लोक म्हनते, सरांनी सांगितलं म्हनजे खरंच असन." त्याला मी कधीकाळी 'अफवा' या विषयावर निबंध लिहायला लावला होता म्हणे. दहापैकी चार दिले होते. मी आमचा व्हिडिओ काढून टाकला. कापलेला तुकडा मात्र काढता येईना. तो ज्याचा होता त्याचं नाव नाही, गाव नाही. तक्रारीचं बटण दाबलं, तर यंत्रानं इंग्रजीत आभार मानले.

या सगळ्यात एकच माणूस मला अगदी निवांत भेटला. भामरागडच्या पलीकडे एका गावात शिक्षक असलेला माझा आणखी एक विद्यार्थी. १९८२पर्यंत आमचा एकच जिल्हा होता, गडचिरोली तेव्हा वेगळा झाला, आणि नेटवर्कच्या बाबतीत अजूनही दोघांमध्ये बरीच वर्षं उरलीत. त्याच्या गावात मोबाईलला रेघा येत नाहीत. टेकडीवर जावं लागतं. तो म्हणाला, "सर, मी आठवड्यानं चढलो, तं तो वाघाचा व्हिडिओ, खुलासा, तुमचा व्हिडिओ, तुमचा कापलेला व्हिडिओ, सगळं एका वेळी टनाटन येऊन पडलं. पहिल्यांदा खुलासाच वाचला. मंग मले समजलंच नाई, भ्यायचं कायले."

मी त्याचा हेवा करू लागलो तर त्यानं मला तिथंच थांबवलं. 'लाडकी बहीण' योजनेचं ई-केवायसी चालू होतं त्या दिवसांत. बायकांना घेऊन तो टेकडीवर जायचा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा तेलंगणात कामाला, ओटीपी तिकडे वाजायचा, आणि त्यानं उलट फोन करून आकडे सांगेपर्यंत ओटीपीचं आयुष्य संपलेलं असायचं. "अफवा उशिरा येते हे बरं हाय सर, पन ॲम्बुलन्सही उशिरा येते."

मी ठरवलं, आता व्हिडिओ नाही. भाच्याच्या सासुरवाडीकडून निमंत्रण आलं, वडशाजवळच्या गावात मंडईनिमित्त झाडीपट्टीचं नाटक आहे, या. दिवाळी ते होळी आमच्या या चार जिल्ह्यांत रात्ररात्र नाटकं चालतात. वडसा हे त्यांचं ठाणं. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईला या रंगभूमीचा पत्ता लागला, इथल्यांना तो आधीपासून होता. उघड्यावर सतरंजी टाकून, शाल गुंडाळून, दोन-तीन हजार माणसं पहाटेपर्यंत बसतात. टीव्ही आला, मोबाईल आला, घरबसल्या सिनेमे आले, तरी बसतात. मोबाईल खिशात असतो, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला तो आठवत नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास विनोदी नट रंगमंचावर खुर्ची घेऊन आला आणि खुर्चीवर बसेना. नायिका म्हणाली, बसा ना. तो म्हणाला, "नाई बापा, ब्रह्मपुरीत एक जन बसला होता." सगळा मांडव कोसळला. मीही हसलो, शाल तोंडावर ओढून.

तरी शेजारच्या माणसानं ओळखलंच. आरमोरी तालुक्यातला शेतकरी, साठीचा. "तुमीच ते रीलवाले गुरुजी ना जी?" मी म्हटलं, तो मी नव्हे, म्हणजे मीच, पण तसा नव्हे. त्याला माझ्या इभ्रतीत रस नव्हता. त्याच्या बांधीच्या धुऱ्यावर तीन दिवसांपासून वाघाचे पंजे उमटत होते. त्यानं गावात सांगितलं. म्हातारे सावध झाले, पण पोरं हसली. "म्हनते, एआय असन बाबा. जमिनीवरच्या पंज्याले एआय म्हनते! तुमी चला, तुमी व्हिडिओ बनवला तं पायते लोक."

मी नको म्हणालो. मग त्यानं सांगितलं, की कापणीला बायका पहाटे अंधारात येतात. मग मी गेलो.

पंजा होता. ओल्या चिखलात, इतका स्पष्ट, की माझ्या आयुष्यात मी वाघाच्या इतक्या जवळ कधीच गेलो नव्हतो. माझे गुडघे त्याची दखल घेत होते. मी डरकाळी घातली नाही, मथळा तोडला नाही, शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवली आणि साधं सांगितलं: इथं वाघाचा वावर आहे, एकटं येऊ नका, उजाडल्यावर या, घोळक्यानं या.

पहिली कमेंट साडभाऊंची. ते आता सुधारले होते. त्यांनी चित्र मोठं करून बघितलं होतं. "मित्रांनो, फसू नका. पंजाला चारच बोटं आहेत! एआयला बोटं जमत नाहीत, हीच ओळखायची खूण." वाघाच्या पंजाच्या ठशात चारच बोटं उमटतात, पाचवं वर राहतं, जमिनीला टेकत नाही, असं मी खाली लिहिलं. त्यावर कुणीतरी विचारलं, "तुम्हीच ते डोळ्यांदेखतवाले ना?" त्यानंतर हसणाऱ्या चेहऱ्यांची जी रांग लागली, तिच्यात माझी चार बोटं कुठं गेली, कळलं नाही. साडभाऊंच्या कमेंटला मात्र खूप लाइक मिळाले. एका पानानं तिचा फोटो काढून 'खोटा पंजा उघडकीस' असा व्हिडिओही केला.

काही दिवसांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला. आवाज थकलेला. गावातल्या पोरांनी तो 'खोटा पंजा' सगळ्यांना दाखवला होता. बायका पुन्हा पहाटेच कापणीला येऊ लागल्या होत्या. मी विचारलं, वाघाचं काय?

"कालही येऊन गेला जी. पंजे हाय."

"मग आता?"

"आता मीच सगळ्यांच्या आधी जातो. तेलाचा डबा वाजवत, चारी धुऱ्यावरून. तो निंगून जाते. बायका हसते, पन थांबते तोवर." मग म्हणाला, "डब्यावर कमेंट येत नाई जी."

मी ते भाच्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मला वाटलं पोरावर काही परिणाम झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मामाजी, त्यांना म्हणा ना, डब्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ऑडिओ चांगला चालेल."